गाडगेबाबा : आधी खराटा, मग भाकर

वडाळा (मुंबई) : पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही असे मुंबईचे लोक आषाढी एकादशीला वडाळ्याला जातात. कात्रक रोडवरचं विठ्ठल मंदिर प्रतिपंढरपूर म्हणूनच ओळखलं जातं. लालबाग, परळ, शिवडी, दादर, सगळीकडून दिंड्या येतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, खांद्यावर पोरं बसवलेले बाप, टाळ-मृदंग, अबीर-बुक्का. रांग लांबच लांब. यातल्या बऱ्याच जणांचं मूळ गाव घाटावर, कोकणात नाहीतर मराठवाड्यात. गाव सुटलं, पण विठोबा सुटला नाही.

गर्दी पांगली की रस्त्यावर काय उरतं, हे कुठल्याही यात्रेच्या गावाला सांगायची गरज नाही. केळीची सालं, हाराचे दोरे, द्रोण, चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या. मग पालिकेचे सफाई कामगार खराटे घेऊन उतरतात आणि सकाळपर्यंत रस्ता मोकळा करतात. रांगेत उभा राहिलेला माणूस भक्त ठरतो. मागून झाडणाऱ्याला कुणी भक्त म्हणत नाही.

महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, ज्यानं हे गणित उलटं करून दाखवलं. त्यानं झाडण्यालाच भक्ती ठरवलं. त्याला शाळा माहीत नव्हती, सही करता येत नव्हती, अंगावर धड कपडा नव्हता. तरी मुख्यमंत्र्यांपासून मोलकरणीपर्यंत सगळे त्याचं ऐकायचे. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

शेंडगावचा डेबू

बाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६. गाव शेंडगाव, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका, जिल्हा अमरावती. घर परिटाचं. गावाचे मळके कपडे धुवायचे आणि मोबदल्यात मिळेल त्या धान्यावर घर चालवायचं, असा तो काळ.

वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. आधी चारचौघांत म्हणून, जातीच्या जेवणावळीत म्हणून, मग रोजच. शेती गेली, तब्येत गेली, शेवटी माणूस गेला. डेबू तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे ते गाव.

मामाच्या घरी डेबूनं गुरं राखली, नांगर धरला, विहिरीवर मोट हाकली. पोरगं कामाला वाघ होतं. गोठा झाडायचा तर असा, की शेणाचा कण दिसू नये. गुरं धुवायची तर चकचकीत. पुढं आयुष्यभर गावंच्या गावं झाडणाऱ्या माणसाचं पहिलं शिक्षण हे गोठ्यात झालं.

दुसरा धडा सावकारानं दिला. मामानं कर्ज काढलं. कागदावर काय लिहिलंय हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. पैसे फेडत गेले तरी आकडा काही कमी होईना, आणि शेवटी चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धक्क्यानं खचले. अक्षर न येणं म्हणजे काय, हे डेबूजींना कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. नांगरलेलं वावर डोळ्यांदेखत जाताना कळलं. म्हणूनच पुढं त्यांच्या प्रत्येक कीर्तनात शाळेचा विषय यायचा. घरातलं जेवणाचं ताट विकावं लागलं तरी चालेल, पण पोराला शाळेत घाला, हा त्यांचा धोशा होता.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला बोकड आणि दारू ही बिरादरीची रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रुसले, कुजबुज झाली. पण दारूनं बाप गेलेल्या पोरानं आपल्या दारात दारू येऊ दिली नाही.

त्याच काळात मुंबईत

डेबूजी विशीत असताना, म्हणजे सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उघडकीला आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. बंदराजवळचे दाट मोहल्ले, कोंदट चाळी, तुंबलेली गटारं, धान्याच्या वखारी आणि उंदीर. रोग वाऱ्यासारखा पसरला. लोक मुंबई सोडून गावाकडं पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोचला.

या दणक्यानंतर सरकारनं १८९८ मध्ये कायदा करून मुंबईसाठी सुधारणा ट्रस्ट उभा केला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला मोकळ्या जागी आखीव वसाहती बसवायच्या, हे त्याचं काम. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा पट्टा त्या आखणीतून वर आला. त्याआधी वडाळा म्हणजे मिठागरं, खाजण आणि शेतं. आज पाच उद्यानांच्या बाजूला जे सरळ रस्ते, झाडांच्या रांगा आणि घरांमधल्या मोकळ्या जागा दिसतात, त्यांच्या मुळाशी प्लेगची भीती आहे. गटार आधी आखायचं, घर मागून बांधायचं, हा धडा मुंबई हजारो माणसं गमावून शिकली.

मोठ्या शहराकडं पैसा होता, इंजिनिअर होते, कायदा होता. गावाकडं यातलं काही नव्हतं. गावात पटकी आली की देवी कोपली म्हणायचे, बोकड कापायचे, गाडा फिरवायचे. पटकी पाण्यातून येते, हे १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाभोवतीचे रुग्ण मोजून दाखवलं होतं. पण ती गोष्ट शेंडगाव-दापुऱ्याच्या पाणवठ्यापर्यंत कोण आणणार? ती आणली एका अडाणी माणसानं. स्नोचं नावही न ऐकता.

अंगावर चिंध्या, हातात खराटा

१ फेब्रुवारी १९०५. वय एकोणतिसाच्या आसपास. डेबूजींनी घर सोडलं. पुढची बारा वर्षं ते पायी भटकत राहिले. ठिगळं लावलेला कपडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात काठी नाहीतर खराटा. डोक्यावर मातीचं फुटकं गाडगं. ऊन लागलं की टोपी, भाकर मिळाली की ताट, तहान लागली की पेला. त्या गाडग्यावरूनच नाव पडलं. कुणी चिंधेबुवा म्हणायचं, कुणी गोधडे महाराज. टिकलं ते गाडगेबाबा.

गावात शिरायची त्यांची एक पद्धत होती. थेट देवळात नाही, पाटलाच्या वाड्यावर नाही. आधी गावाचा उकिरडा, गटार, पाणवठा बघायचा. मग कुणाला काही न विचारता झाडायला सुरुवात. लोकांना वाटायचं, वेडा दिसतोय. पोरं दगड मारायची. एखादी म्हातारी भाकर आणून द्यायची. पण बाबा फुकट खायचे नाहीत. आधी काम, मग भाकर. अंगण झाडून, लाकडं फोडून, गोठा साफ करूनच हात पुढं करायचे. भाकर मिळाली की तीही अशी खायची, की जणू मजुरी घेतली. दान म्हणून नाही.

दुपारपर्यंत गावातल्या चार जणांना लाज वाटायची. कुणी टोपली आणायचं, कुणी फावडं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. आणि सकाळी गाव उठून हारतुरे आणेपर्यंत बाबा पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असायचे. कुणी पाया पडायला वाकलं तर काठी उगारायचे. त्यांना भक्त नको होते. त्यांना खराटा धरणारे हात हवे होते.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथं मुद्गलेश्वराची यात्रा भरते. नदीचा उतार चिखलाचा आणि निसरडा होता. पाण्याचे हंडे घेऊन चढणाऱ्या बाया, म्हातारी माणसं घसरून पडायची. हाडं मोडायची. वर्षानुवर्षं लोक पडत होते आणि वर्षानुवर्षं लोक पुण्य घेऊन घरी जात होते.

बाबांनी फावडं घेतलं आणि उतारावर कोरडी माती टाकायला लागले. आधी एकटे, मग लोक आले. १९०८ च्या सुमारास तिथं पक्का घाट उभा राहिला. या एका कामात त्यांची सगळी रीत दिसते. दोष कुठं आहे ते बघायचं, आपण आधी हात घालायचा, मग लोकांना जोडायचं आणि शेवटी कायमची सोय करायची. नुसतं झाडून भागत नाही, घाट बांधावा लागतो, हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. त्या यात्रेत येणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना ते जेवू घालायचे, अंगावर कपडा द्यायचे. ज्यांना गाव लांबून भाकर फेकायचं, त्यांना बाबा पंगतीत बसवायचे.

पंढरीत खराट्याची वारी

बाबा पंढरपूरला जायचे, पण दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे नाहीत असं सांगतात. त्यांची वारी चंद्रभागेच्या वाळवंटात असायची, हातात खराटा घेऊन.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लाखो माणसं चार दिवसांसाठी एका गावात जमतात. शौचालयं नाहीत. वाळवंटातच सगळं उरकायचं. पाऊस पडला की घाण नदीत. त्याच नदीत अंघोळ, तेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात. पटकीचा जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. त्या काळी यात्रा संपली की परतीच्या वाटेवरच्या गावांत पटकी फुटायची. माणूस विठोबाला भेटून यायचा आणि घरात मरण घेऊन यायचा. म्हणून बाबांचा खराटा म्हणजे दिखाऊ सेवा नव्हती. एक घाण उचलली की पुढच्या गावातला एखादा जीव वाचण्याची शक्यता वाढायची.

पंढरीत दुसरीही घाण होती, ती खराट्यानं निघणारी नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि मुक्कामाला छप्परही नव्हतं. चोखोबाची जात सांगणारी माणसं भर पावसात उघड्यावर पडायची. बाबांनी पैसे गोळा केले आणि १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम उभं केलं. देवळाचा दरवाजा त्या माणसांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. धर्मशाळेचा दरवाजा बाबांनी तीस वर्षं आधी उघडला होता.

दिवसा गाव, रात्री डोकं

दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. वीणा नाही, पखवाज असला तर असला. दोन दगड घेऊन ताल धरला तरी चालायचं. गोपालाच्या नावाचा गजर व्हायचा आणि मग बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायला लागायचे. देवाला बोकड लागतं का? कर्ज काढून लग्न केलं तर फेडतं कोण? दारू प्यायल्यावर घरात उजेड पडतो का अंधार? लोक हसत हसत उत्तर द्यायचे आणि उत्तर देता देता स्वतःच अडकायचे. उपदेश ऐकून माणूस घरी जातो आणि विसरतो. स्वतःच्या तोंडानं दिलेलं उत्तर विसरता येत नाही.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना निरोप आला की मुलगा गोविंदा गेला. एकुलता उरलेला मुलगा. बाबांनी निरोप ऐकला आणि कीर्तन पुढं चालू ठेवलं. कुणी याला वैराग्य म्हणतं. पण गावी कुंताबाई होत्या, सखुबाई होत्या. त्यांनी ते दुःख कसं काढलं असेल, याचं कीर्तन कुणी केलं नाही. नवरा लाखोंच्या धर्मशाळा बांधत होता आणि बायको झोपडीत राहून कष्टाचं खात होती. संस्थांच्या पैशाला घरच्यांचा हात लागू द्यायचा नाही, हा बाबांचा कडक नियम होता. त्या नियमाची किंमत बाबांइतकीच कुंताबाईंनीही मोजली. बाबांच्या मोठेपणात त्यांचा वाटा धरायलाच हवा.

खराटा धरणारे आणखी काही

त्या काळात महाराष्ट्रात आणखीही काही जणांनी हातात झाडू घेतला. पारनेरला सेनापती बापट रोज सकाळी गावचे रस्ते झाडायचे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः केलं, आणि पुढं कणकवलीजवळ गोपुरीत मैल्याचं खत करणारा साधा संडास तयार केला. कुणाला मैला हातानं उचलावा लागू नये, हा त्यामागचा विचार.

ही दोघंही शिकली-सवरलेली, वरच्या जातीतली माणसं. त्यांनी झाडू घेतला तेव्हा लोकांना नवल वाटलं. गाडगेबाबांचं तसं नव्हतं. परिटाच्या पोरानं झाडू घेतला तर त्यात काय मोठंसं, असं म्हणायला समाज मोकळा होता. तरीही त्यांनी तो इतका उंच धरला, की खराटा हे कमीपणाचं नव्हे तर मानाचं चिन्ह झालं. निदान बाबांच्या हातात असेपर्यंत तरी.

मुंबईतले बाबा

बाबांना पैसा मिळायचा तो मुंबईतूनही. गिरणगावातला कामगार, दादर-गिरगावचा मध्यमवर्ग, व्यापारी, सगळे त्यांच्या कीर्तनाला यायचे. त्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि विद्यालय झालं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी दादरला बसून त्यांचं चरित्र लिहिलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना मानायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाला बाबांचा मोठा आधार होता, आणि कराडच्या कॉलेजला १९५४ साली बाबांचं नाव देण्यात आलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचं नातं वेगळंच होतं. एक परदेशात शिकलेला कायदेपंडित, दुसरा अंगठेबहाद्दर. पण दोघांचं म्हणणं एकच, शिका. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी पडले तेव्हा देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला गेले. त्याच वर्षी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. आपण उभं केलेलं कुणाच्या हाती चांगलं राहील, हे बाबांनी नीट ओळखलं होतं.

मुंबईत बाबांना एक गोष्ट खटकायची. गावाकडून माणूस मोठ्या दवाखान्यात यायचा. खाट मिळाली तर रोगी आत, आणि सोबतचा भाऊ, बायको, आई फूटपाथवर. तिथंच चूल, तिथंच झोप. शौचाला जागा नाही. एक रोगी घेऊन आलेलं घर चार रोगी घेऊन परत जायचं. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ बाबांच्या प्रयत्नातून धर्मशाळा झाली. तोच धागा पुढं दादर पूर्वेला बाबांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेनं धरला. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारासाठी आलेल्या गावाकडच्या किती तरी कुटुंबांनी तिथं पाठ टेकली आहे. स्वच्छता म्हणजे फक्त रस्ता झाडणं नव्हे. माणसाला अंग टाकायला, अंघोळ करायला, शौचाला जागा देणं हीसुद्धा स्वच्छताच.

शेवटचं कीर्तन

८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं शेवटचं कीर्तन झालं. पोलिसांच्या आवारात, पोलिसांसमोर. त्याचं ध्वनिमुद्रण झालं म्हणून तो आवाज आजही मोबाइलवर ऐकता येतो. थकलेला, पण खणखणीत. विषय तेच. शाळा, दारू, कर्ज, बोकड, माणुसकी.

महिन्याभरात ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांनी त्याचा मोठा धसका घेतला. तब्येत ढासळत गेली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा जीव गेला. ज्यानं नदीवर घाट बांधला तो माणूस नदीवरच गेला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.

नाव मोठं झालं, खराटा?

२००० साली राज्य सरकारनं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ते गावोगाव पोचवलं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसं लागली आणि गावागावांत चुरस झाली. उकिरडे हलले, गटारं वाहती झाली, सांडपाण्याला शोषखड्डे पडले, भिंती रंगल्या. पुढं निर्मल ग्राम पुरस्कार आले, २०१४ ला स्वच्छ भारत आलं. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. हे काम खरं आहे आणि मोठंही आहे. पहाटे अंधारात लोटा घेऊन जाणाऱ्या बायांची सुटका झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

पण गावात राहणाऱ्याला दुसरी बाजूही दिसते. समिती यायच्या आदल्या दिवशी गाव चकाचक, समिती गेली की आठ दिवसांत पहिल्यासारखं. संडास बांधला, त्यात सरपण भरलं. बोअरला पाणी नाही म्हणून दार बंद. ओढ्यात पूर्वी पालापाचोळा असायचा, तो कुजून माती व्हायचा. आता प्लॅस्टिक, थर्माकोलच्या पत्रावळ्या, डायपर. हे कुजत नाही, आणि जाळलं तर धूर शेजारच्या घरात. मुंबईसारख्या शहरानंही १९२७ पासून देवनारला कचऱ्याचे डोंगर केले आणि त्याचं काय करायचं हे शंभर वर्षं होत आली तरी सुटलेलं नाही. गावाला तो रस्ता धरायची गरज नाही. गावाचा ओला कचरा घराच्या परसातच खत होऊ शकतो. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक भरला की दुसरा वापरायचा, बंद खड्ड्याचं वर्षा-दीड वर्षात कोरडं खत होतं आणि ते उपसायला कुणाला नाक दाबावं लागत नाही. उरतं ते सुकं. ते वेगळं ठेवलं तर भंगारवाला घेऊन जातो.

याहून अवघड गोष्ट आहे ती माणसाची. जयंतीला पुढारी नवा कोरा झाडू घेऊन आधीच झाडलेला रस्ता झाडतात, फोटो निघतो, ग्रुपवर पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच रस्ता झाडायला जी बाई येते, तिचं नाव किती जणांना माहीत असतं? माणसाला मैला साफ करायला लावणं कायद्यानं १९९३ साली बंद झालं, २०१३ ला कायदा आणखी कडक झाला. तरी गटारात उतरून माणसं गुदमरून मरतात, आणि मरणाऱ्यांची जात बहुतेक वेळा ठरलेली असते. बाबांनी खराटा उचलला तो एका दिवसासाठी नाही. आणि खराटा कुणाच्या तरी जन्माला बांधलेला असू नये, म्हणूनच उचलला.

आषाढीच्या रात्री वडाळ्यात गर्दी ओसरते, टाळ थांबतात आणि खराट्यांचा आवाज सुरू होतो. गावच्या जत्रेनंतरही तोच आवाज येतो. बाबांचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहेच. पण बाबांना शोधायचं असेल तर त्या आवाजाच्या दिशेनं जावं लागतं. आणि तिथं पोचल्यावर हात जोडून चालत नाही. टोपली उचलावी लागते.